वस्तऱ्याला धार लावणं: पहिल्या दगडावर घाई केली की पुढचे सगळे दगड वाया



गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत मी वस्तरा दगडावर फिरवताना दाखवला. व्हिडिओ अकरा मिनिटांचा, पण काम पावणेदोन तासांचं होतं. म्हणजे बघा, जे कापून टाकलं त्यातच शिकण्यासारखं जास्त होतं. "दादा, आम्ही तुमच्यासारखंच केलं, पण वस्तरा दाढी ओढतोय" असे इतके निरोप आले की म्हटलं, आता लिहूनच काढू. चहा घेऊन बसा, कारण हा धडा जरा लांब आहे.

आधी मी यात कसा पडलो ते सांगतो. आमचं सलून चिपळूणला, बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं ते आरशाच्या वर गेलं. खुर्च्या, ड्रायर, कपाट, सगळं गेलं. चिखल उपसताना बाबांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात तीन वस्तरे. दोन जर्मनीच्या सॉलिंगेनचे, एक इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. बाबांनी ब्लेडवाला वस्तरा हातात घेतला तेव्हापासून ते डब्यातच होते. चार दिवस चिखलात राहून तिन्हींवर तांबूस गंज चढला होता. बाबा म्हणाले, "भंगारात टाक." मी टाकले नाहीत. दुकान बंदच होतं, हाताला काम नव्हतं, तेव्हा ते घासत बसलो. बीबीए करून सलून चालवणारा माणूस वस्तऱ्याला धार लावायला तिथे शिकला. माझ्या पिढीत आमच्याकडे कुणालाच ते येत नव्हतं.

गिऱ्हाइकावर हा वस्तरा वापरायचा का?

नाही. हे आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. दुकानात एकाची दाढी झाल्यावर तोच धारेचा वस्तरा पुसून दुसऱ्याला लावायचा नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, आणि कापल्याचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. पातं एक वेळ निर्जंतुक कराल, पण ज्या चामड्याच्या पट्ट्यावर ते फिरवता तो पट्टा कसा करणार? म्हणून गिऱ्हाइकासमोर नवीन ब्लेड फोडायचं, अर्धं मोडून होल्डरमध्ये घालायचं, काम झालं की टाकायचं. (आणि सलूनवाल्या भावांनो, हिपॅटायटिस बी ची लस स्वतः घेतली नसेल तर घ्या. तीन डोस असतात.)

मग शिकायचं कशासाठी? एक तर स्वतःचा वस्तरा बाळगणारे लोक आहेत. आमच्यासारख्या गावातसुद्धा आहेत. कुणाकडे आजोबांचा आहे, कुणी जहाजावर असताना बाहेरून आणलाय, काही तरुण पोरं यूट्यूब बघून ऑनलाइन मागवतात. ते घरी दाढी करतात आणि धार लावून देणारा माणूस शोधत असतात. ती सेवा आपण देऊ शकतो. दुसरं म्हणजे हातातली समज. दगडावर शंभर वेळा वस्तरा फिरवलेल्या माणसाचा ब्लेडवाला हातही हलका होतो. माझ्या कारागिरांच्या बाबतीत हे मी स्वतः बघितलंय.

वस्तऱ्याचा कोन आपण ठरवायचा नसतो

सुरीला धार लावताना आपण हाताने कोन धरतो. वस्तऱ्यात ती भानगड नाही. पात्याची जाड बाजू, म्हणजे पाठ, आणि पातळ बाजू, म्हणजे धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठ जितकी जाड आणि पातं जितकं रुंद, त्यावरून कोन कारखान्यातच ठरलेला असतो. बाबांचा एक वस्तरा मोजला: पातं १९ मिलिमीटर रुंद, पाठ ५ मिलिमीटर जाड. त्याचा दोन्ही बाजूंचा मिळून कोन १५ अंशांच्या आसपास येतो.

म्हणून पहिला नियम असा की पाठ दगडावरून उचलायची नाही. जाताना नाही, येताना नाही, वळवताना तर अजिबात नाही.

मी पहिल्या दिवशी हेच केलं. कोयत्या-विळ्यांना धार लावणारे लोक लहानपणापासून बघितलेले, त्यामुळे हात आपोआप "थोडा कोन देऊ" म्हणून वर जायचा. वस्तऱ्याने हातावरचे केस झटकन उडाले आणि मी खूश. गालाला लावला तर डोळ्यांत पाणी. झालं असं होतं की अगदी टोकाला एक जाड, बोथट कोन तयार झाला होता. हातावरचा मऊ केस त्याने उडतो, दाढीचा राठ केस मात्र कापण्याऐवजी ओढला जातो. ती चूक काढायला मला पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात करावी लागली.

कुठले दगड घ्यायचे

जुनी माणसं याला निसणा म्हणायची, आपण दगडच म्हणू. हार्डवेअरच्या दुकानात दुतोंडी करडा दगड मिळतो, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने थोडा कमी. तो सुरी-कोयत्यासाठी आहे. वस्तरा त्यावर एकदा फिरवलात तर ते ओरखडे काढायला संध्याकाळ जाईल.

आपल्याला लागतात ते पाण्याचे दगड, आणि ते आकड्याने ओळखले जातात. आकडा वाढला की कण बारीक. जपानी मापात १००० च्या दगडाचे कण साधारण १४-१५ मायक्रॉनचे असतात, ८००० चे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. सुरुवातीला १०००, मग ४००० आणि ८००० असा जोडदगड, आणि शेवटी १२०००. एवढ्यात काम होतं. बेल्जियमचा नैसर्गिक पिवळसर दगड असतो, कोटिक्युल म्हणतात, लोक त्याच्या प्रेमात असतात. छान आहे, पण पहिल्या वर्षी नको. नैसर्गिक दगड समजून घ्यायला वेळ लागतो, आणि चुकलं तर आपण चुकलो की दगड, हे कळत नाही.

दगड घरी आला की आधी सपाट करा. नवा कोरा असला तरी. शिसपेन्सिलीने त्यावर चौकटी काढा. ग्रॅनाइटचा सपाट तुकडा किंवा जाड काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरा, पाणी टाका आणि दगड उलटा करून घासा. सगळ्या रेघा सारख्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. मधोमध रेघ राहिली म्हणजे तिथे खड्डा आहे. माझा १००० चा दगड पाच-सहा वस्तऱ्यांनंतर मध्ये बसतो, मग पुन्हा हेच. काही दगड आधी पाण्यात भिजत घालावे लागतात, काहींवर फक्त पाणी शिंपडायचं. ते खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

सगळा खेळ १००० च्या दगडावर आहे

आता मुद्द्याचं. मला येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठांचं उत्तर इथेच असतं.

धारेच्या दोन्ही बाजूंना अगदी काठाला एक बारीक, चकचकीत, तिरकी पट्टी दिसते. तिला बेव्हल म्हणतात. डावीकडची आणि उजवीकडची पट्टी जिथे एकमेकींना भेटतात, तीच धार. १००० च्या दगडाचं काम एकच: या दोन पट्ट्या टाचेपासून टोकापर्यंत, अख्ख्या लांबीभर, एकमेकींना भेटवायच्या. मध्ये कुठे केसाएवढं अंतर राहिलं तरी तिथे धार नाही. आणि ते अंतर ४००० किंवा ८००० चा दगड भरून काढत नाही, कारण ते दगड धातू काढतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते आधीच्या दगडाचे ओरखडे गुळगुळीत करतात, बस. भिंत वाकडी असेल तर वरून महागडा रंग मारून ती सरळ होते का? तसंच.

सुरुवात अशी करा. काळा मार्कर घ्या आणि दोन्ही बेव्हलवर टाचेपासून टोकापर्यंत रेघ ओढा. पातं दगडावर सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. धार पुढे ठेवून पातं ढकला, जणू दगडाचा पातळ पापुद्रा सोलायचाय. शेवटाला पोचलात की पाठीवर लोळवून पलटा आणि दुसऱ्या बाजूने परत या. हा एक फेरा. दोन-तीन फेऱ्यांनंतर बघा, शाई कुठे गेली आणि कुठे राहिली. जिथे राहिली तिथे दगड पोचतच नाही. मार्कर खोटं बोलत नाही, आपला अंदाज बोलतो.

हात सरळ नाही, तिरका न्यायचा. सुरुवातीला टाच दगडावर, शेवटी टोक दगडावर. दोन्ही बाजूंचा मार्ग मिळून इंग्रजी एक्ससारखा दिसतो. यामुळे पात्याचा प्रत्येक भाग दगडावरून जातो, आणि पातं थोडं वाकडं असलं तरी सांभाळलं जातं.

दाब किती? १००० वर सुरुवातीला बोटाचा हलका दाब चालतो. बेव्हल जुळत आली की तो कमी करत न्या, शेवटचे वीस फेरे फक्त पात्याच्या वजनाने. दाब दिला की पातळ पातं दबतं, वाकतं, आणि तुम्ही धारेऐवजी तिच्या मागचा भाग घासत बसता.

जुळली हे कसं कळणार? मी तीन गोष्टी बघतो. टेबलावरच्या दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरतो. कुठे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तिथे धार बोथट आहे, कारण खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही. मग हातावरचे केस, त्वचेलगत, दाब न देता. टाच, मधला भाग, टोक, तिन्ही ठिकाणी सारखे उडले पाहिजेत. मध्ये उडतात आणि टाचेला नाही, असं असेल तर काम झालेलं नाही. शेवटी सोनार डोळ्याला लावतो ते भिंग. शंभर-दीडशे रुपयांपासून भिंगं मिळतात, पण निदान दहापट तरी घ्या.

वेळ? दात्रे पडलेला जुना वस्तरा असेल तर तास-दीड तास. कधी दोन. मोबाईल बाजूला ठेवा.

बाबांचा पहिला वस्तरा मी "तयार" केला तो दिवस अजून लक्षात आहे. सगळे दगड झाले, पट्टा झाला. बाबांना म्हटलं, बसा. त्यांनी खुर्चीत बसून काही न बोलता दाढी करून घेतली. हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उजवीकडे ठीक. डावीकडे ओढतोय. टाचेला बघ." मी मार्कर लावून बघितलं. टाचेकडच्या सेंटिमीटरभर भागात शाई जशीच्या तशी. डाव्या गालावर मी नेमका तोच भाग टेकवत होतो. म्हणजे माझे ४०००, ८०००, १२००० चे सगळे फेरे त्या भागापुरते फुकट गेले होते. पुन्हा १००० वर. त्या दिवशी वैताग आला होता, पण चूक चेहऱ्यावर कशी कळते हे मी तिथेच शिकलो.

टेपची भानगड

दगडावर घासताना पाठही घासली जाते. जुन्या नक्षीदार वस्तऱ्याची पाठ खराब होऊ नये म्हणून लोक पाठीवर इलेक्ट्रिशियनची टेप लावतात, एक थर. चालतं. पाठ टेपमुळे किंचित जाड होते म्हणून कोन थोडासा वाढतो, मघाच्या मापाच्या वस्तऱ्यात एका अंशापेक्षाही कमी. पण लक्षात ठेवा: १००० ला टेप लावली तर १२००० पर्यंत टेप हवीच. झिजली की नवी लावा, पण लावा.

मी एकदा शेवटच्या दगडाला टेप काढली. वाटलं, फिनिशिंगला काय फरक पडतो. पडतो. टेप काढली की कोन कमी होतो, आणि दगड धारेला न टेकता तिच्या थोडा मागे टेकतो. चाळीस फेरे मारले, बेव्हल आरशासारखी चमकली, आणि धार होती तिथेच होती, ८००० ची. चमक बघून फसू नका.

पुढचे दगड

इथे फार सांगण्यासारखं नाही. पहिलं काम नीट झालं असेल तर हे सोपं आहे. ४००० वर पंचवीस-तीस फेरे, भिंगातून बघा, १००० चे खोल ओरखडे दिसेनासे झाले पाहिजेत. ८००० वर वीस-पंचवीस. १२००० वर तीसेक, अगदी पात्याच्या वजनाने, दगडावर पाणी भरपूर. शेवटी शेवटी पातं ओल्या दगडाला चिकटल्यासारखं ओढ घेतं. ती खूण चांगली. प्रत्येक दगडानंतर पातं आणि हात दोन्ही धुवा. १००० चा एक कण १२००० च्या दगडावर गेला तर ओरखडा परत आलाच.

लटकवलेला केस धारेवर टेकवून तोडायची चाचणी व्हिडिओत भारी दिसते, म्हणून मीही दाखवतो. पण केस कुणाचा, धुतलेला की तेलकट, जाड की बारीक, यावर निकाल बदलतो. खरी चाचणी गालावरच.

पट्टा

दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे जाते. उलट केलंत तर पट्टा कापला जाईल. माझा पहिला पट्टा असाच गेला, एकदम मधोमध.

पट्टा भिंतीच्या हुकाला अडकवा आणि ताणून धरा. सैल सोडलात की चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. आधी कापडी बाजूवर वीस फेरे, मग चामड्यावर पन्नास. पलटताना पातं पाठीवर लोळवायचं, धार हवेत. वेग बघून शिकू नका. जुने कारागीर झपाझप मारतात, त्यांचं आयुष्य त्यात गेलंय. बाबा मला म्हणायचे, "आवाज ऐक. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आला पाहिजे." खरंच, एका बाजूला तुम्ही जास्त दाब देत असाल तर आधी कानाला कळतं.

दोन आठवडे रोज बोथट वस्तऱ्यावर सराव करा. माझ्याकडे त्यासाठी तिसरा वस्तरा आहे, शेफिल्डचा. पुराच्या गंजाने त्याला बारीक खड्डे पडलेत, आणि ते धारेपर्यंत पोचलेत. जितकं घासावं तितका नवा खड्डा वर येतो. तो वाचला नाही. आता शिकाऊ पोरं त्यावर पट्टा मारायला शिकतात.

मी एका गिऱ्हाइकाचा वस्तरा बिघडवला

हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

दोन वस्तरे जमले म्हणून मी दुकानात पाटी लावली: वस्तऱ्याला धार लावून मिळेल. २०२२ च्या दिवाळीआधी एक निवृत्त शिक्षक आले, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांचा वस्तरा, मूठ हस्तिदंती रंगाची, पातं सुंदर. म्हणाले, "घाई नाही रे, नीट कर."

त्या पात्याची धार सरळ नव्हती, चंद्रकोरीसारखी बाहेर फुगलेली होती. मुद्दामच तशी बनवलेली. अशा पात्याला दगडावर थोडं डोलवत न्यावं लागतं, टाचेकडून टोकाकडे वजन सरकवत. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, झिजून वाकडी झालीय, सरळ करू. सपाट दगडावर दाब देऊन मी तासभर घासलं. मधला भाग खाल्ला गेला. चंद्रकोर गेली, आणि मी सरळ करता करता मध्ये उलटा खळगा पाडला. पाठीवरही रुंद चकचकीत चट्टा आला.

त्यांना फोन करून बोलावलं आणि जसं होतं तसं सांगितलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. उलट दुसरा वस्तरा घेऊन देतो म्हटलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं काय करू?" वस्तरा रुमालात गुंडाळून घेऊन गेले. त्यानंतर केस कापायलाही आले नाहीत. रस्त्यात भेटले की मान हलवतात.

पाटी मी सहा महिने काढून ठेवली. पुन्हा लावली तेव्हा एक कागद तयार केला. वस्तरा घेताना गिऱ्हाइकासमोर दोन्ही बाजूंचा फोटो, व्हर्नियरने पात्याची रुंदी तीन ठिकाणी, धार सरळ की वक्र, दात्रे कुठे, गंज कुठे, हे सगळं लिहायचं आणि दोघांनी सही करायची. परत देताना पुन्हा रुंदी मोजायची. नुसत्या पुन्हा धार लावण्यात रुंदी व्हर्नियरवर कळण्याइतकी कमी व्हायलाच नको. पातं पिळलेलं, तडा गेलेलं किंवा धारेपर्यंत गंजलेलं असेल तर मी घेत नाही. वक्र धारेचे आता घेतो, पण तेही पाच-सहा जुने, कुणाला नको असलेले वस्तरे विकत घेऊन त्यांवर हात बसवल्यावर.

दर कसा ठरवायचा

बरेच जण दर विचारतात. आकडा सांगत नाही, रीत सांगतो, कारण तुमच्या गावचं भाडं वेगळं.

समजा तुमच्या खुर्चीवर खर्च जाऊन तासाला ३०० रुपये सुटतात. बेव्हल नव्याने करायचा वस्तरा दोन तास खातो. म्हणजे ६०० रुपयांचं दुसरं काम तुम्ही सोडलंत. बीबीएला याला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणायचे, परीक्षेत पाच मार्कांना यायचं आणि तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. समजा दगडांचा संच १२,००० ला पडला आणि त्यावर २०० वस्तरे होतात, तर एका वस्तऱ्यामागे ६० रुपये दगडाचे. म्हणजे ६६० च्या खाली गेलात तर तुम्ही खिशातून घालताय. नुसती धार ताजी करायची असेल तर अर्धा तास, तिथे दर वेगळा. दोन्ही कामांना एकच दर लावणारे सगळ्यात आधी वैतागतात.

काही जण म्हणतात, सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा करू, वेळ फुकटच आहे. मीही वर्षभर तसं केलं. मग घरच्यांनी विचारलं, सोमवार नक्की कुणाचा? आता मी मंगळवार आणि बुधवारची दुपार ठेवली आहे. दोन ते चार, तसाही त्या वेळेला दुकानात शुकशुकाट असतो.

धार टिकवायची कशी

हा भाग गिऱ्हाइकाला तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहून द्या. दाढी झाली की पातं धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग हवेवर सुकू द्या. मुठीच्या आत, पातं दुमडतं तिथे पाणी साठतं. गंज तिथूनच सुरू होतो. आठवडाभर वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल लावतात काही जण, पण ते कालांतराने चिकट होतं. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात वस्तरा ठेवू नका, चामडं ओल धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. बाथरूमच्या फळीवर तर कधीच नाही.

दाढीआधी रोज पट्टा. पट्टा मारूनही ओढायला लागला तर थेट १२००० वर पंधरा-वीस फेरे, पुन्हा पट्टा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नसेल दगड, तर वेगळ्या कापडी पट्टीवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट अगदी थोडी लावून दहा फेरे. रोजच्या चामड्यावर ती पेस्ट लावू नका, एकदा लागली की निघत नाही. आणि हात शिवशिवतोय म्हणून १००० काढू नका. तो फक्त दात्रे पडले किंवा वस्तरा हातातून पडला तरच.

बाबांचा तो पहिला वस्तरा आता तेच वापरतात, घरी, एकटे. दर पंधरा दिवसांनी दुकानात आणून माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "बघ जरा." मी बघतो. टाचेपासून सुरुवात करतो.

पुढच्या व्हिडिओत वक्र धारेचा वस्तरा डोलवत कसा न्यायचा ते दाखवणार आहे, या वेळी न कापता, पूर्ण तासभर. तुमच्याकडे तसा वस्तरा असेल तर त्याआधी दगडाला लावू नका. मार्कर आणि व्हर्नियर घेऊन बसा, तीन ठिकाणची रुंदी लिहून ठेवा.